चालता वेताळ : एका चित्रकथेचा वृत्तांत

साहसकथेच्या नायकाला एक जुनें दुखणें असतें, आणि तें म्हणजे वय. कथा लोकप्रिय झाली कीं ती थांबवितां येत नाहीं, आणि थांबविली नाहीं तर नायक म्हातारा व्हावयास हवा. शेरलॉक होम्सला त्याच्या जनकानें कंटाळून धबधब्यांत लोटलें, तर वाचकांच्या आग्रहास्तव त्याला पुन्हां वर काढावें लागलें. इतर बहुतेक लेखक या प्रश्नाकडे सरळ डोळेझांक करतात. त्यांचा नायक पन्नास वर्षें पंचविशींतच राहतो आणि वाचकही त्याबद्दल ब्र काढीत नाहीं. परंतु एका अमेरिकन तरुणानें १९३६ सालीं या दुखण्यावर नामी औषध शोधून काढलें. त्याचा नायक मरतो, खुशाल मरतो. मात्र तो मेला हें जगाला कळत नाहीं. बापाला मूठमाती देऊन मुलगा तोच मुखवटा चढवितो व बाहेर पडतो. लोक म्हणतात, हा तोच, याला मरणच नाहीं. असे वीस होऊन गेले आणि कथा चालू आहे ती एकविसाव्याची. इंग्रजींत त्याला फँटम म्हणतात. मराठी वाचक त्याला वेताळ या नांवानें ओळखतो.

ली फॉक हें त्या तरुणाचें नांव. मिसूरी राज्यांतील सेंट लुई शहरीं ता. २८ एप्रिल १९११ रोजीं तो जन्मला. वयाच्या तेविशींतच त्यानें मँड्रेक नामक जादूगाराची एक चित्रमालिका किंग फीचर्स सिंडिकेट या मातबर संस्थेच्या गळीं उतरविली, आणि ती ता. ११ जून १९३४ पासून सुरू झाली. चित्रें सेंट लुईचाच फिल डेव्हिस काढी. जादूगाराच्या गोष्टी लिहिणारा मनुष्य देशोदेशीं हिंडलेला व पौर्वात्य गूढविद्या शिकलेला असावा अशी वाचकांची अपेक्षा असावयाची, म्हणून फॉकनें आपल्याविषयीं तशी माहिती बेलाशक छापूं दिली. वस्तुतः मँड्रेकचे नमुने काखोटीस मारून तो न्यूयॉर्कला गेला, हाच त्याचा तोंवरचा सर्वांत लांबचा प्रवास होता! पुढें पैसा हातीं आल्यावर त्यानें खरोखरच जग पाहिलें. खरे प्रवासी गांठ पडून आपलें पितळ उघडें पडूं नये, हेंही त्या प्रवासाचें एक कारण होतें असें तो गमतीनें सांगे.

या धंद्याची रीत येथें थोडी सांगणें अवश्य आहे, कारण कथेची ठेवण तिच्यावरच अवलंबून असते. अमेरिकेंत चित्रमालिका एका वृत्तपत्राच्या मालकीची क्वचितच असते. सिंडिकेट म्हणजे मध्यस्थ संस्था लेखक व चित्रकार यांजकडून मालिका घेते, आणि कागदी लगद्याचे साचे गांवोगांवच्या वृत्तपत्रांस त्या काळीं टपालानें रवाना करी. छापखान्यांत त्या साच्यांत शिसें ओतून ठसा तयार होई. त्यामुळें एकाच दिवशीं एकच गोष्ट शेंकडों गांवीं वाचली जाई. दररोज काळ्या-पांढऱ्या तीन-चार चौकटी, आणि रविवारीं रंगीत पान. रविवारचें पान घेणारा ग्राहक रोजचा अंक घेईलच असें नाहीं; म्हणून दोन्ही कथा स्वतंत्र चालवाव्या लागत. शिवाय कालचा अंक ज्याच्या हातीं पडला नाहीं त्यालाही आज कथा समजली पाहिजे, आणि उद्यांचा अंक घ्यावयास तो उतावीळ झाला पाहिजे. तीन चौकटींत मागची आठवण, आजची हालचाल आणि उद्यांचा पेंच! हरिदासबुवा आख्यान ऐन रंगांत आलें असतां थांबवून उद्यांचें निमंत्रण देतात, तीच ही युक्ति.

फँटमची रोजची मालिका सोमवार, ता. १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं सुरू झाली. आरंभींचे नमुने फॉकनें स्वतःच रेखाटले होते. पुढें चित्रांचें काम फिल डेव्हिसचा मदतनीस रे मूर याजकडे गेलें. पहिल्या कथेंत जिमी वेल्स नांवाचा एक आळसट, धनाढ्य न्यूयॉर्ककर तरुण दाखविला आहे. दिवसां हा ऐषारामी आणि रात्रीं मुखवटा घालून गुन्हेगारांचा काळ, असें रहस्य शेवटीं फोडावयाचें, हा मूळचा बेत. परंतु कथा छापली जात असतांनाच फॉकच्या मनांत जंगलाची, चांचे लोकांची आणि पिढीजात शपथेची कल्पना येऊन बसली. त्यानें बेत बदलला. जिमी वेल्स बिचारा कांहीं खुलासा न होतां कथेंतून निघून गेला. लहानपणीं वाचलेल्या आर्थर राजाच्या कथा, स्पेनच्या एल सिदचें आख्यान, टारझन आणि किप्लिंगचा मोगली यांचें ऋण फॉक मोकळेपणानें मान्य करी. त्याच्या जंगलांतील ठेंगण्या लोकांच्या जमातीचें नांव 'बांदर' आहे, हें ऐकून तें कोणत्या भाषेंतून आलें याबद्दल आपल्याकडील वाचकाला शंका उरत नाहीं.

मूळ कथा अशी. १५३६ सालीं एका गलबतावर चांच्यांची धाड पडली. कप्तान मारला गेला. त्याचा मुलगा तेवढा वाहत किनाऱ्याला लागला आणि बांदर लोकांनीं त्याला वांचविलें. पुढें बापाच्या खुन्याचें शव त्याच किनाऱ्यावर सांपडलें, तेव्हां त्याची कवटी हातीं धरून त्या मुलानें शपथ घेतली कीं, चांचेगिरी, लोभ, क्रौर्य व अन्याय यांच्या नाशांत आपला जन्म घालवीन आणि आपल्यामागून आपले मुलगेही तेंच करतील. तेव्हांपासून कवटीच्या आकाराच्या गुहेंत हें घराणें राहतें. उजव्या हातांत कवटीची अंगठी, तिचा ठसा दुष्टाच्या हनुवटीवर उमटला कीं जन्मभर जात नाहीं; डाव्या हातांतील अंगठीचा शिक्का ज्याला मिळाला तो या घराण्याच्या संरक्षणाखालीं आला. पांढरा घोडा, पाळलेला लांडगा, गुरान नांवाचा बांदरांचा नायक, आणि डायना पामर ही वाग्दत्त वधू. ही डायना पहिल्या कथेपासून आहे, पण तिचें लग्न लागावयास १९७७ साल उजाडलें. त्यानंतर दोन वर्षांनीं किट व हेलॉइज हीं जुळीं मुलें झालीं. चाळीस वर्षें वाङ्‌निश्चयावर राहिलेली वधू दुसऱ्या कोणत्या वाङ्‌मयांत सांपडेल?

या नायकाला कसलीही दैवी शक्ति नाहीं. तो उडत नाहीं, गोळी लागली तर रक्त येतें. त्याचें सारें बळ लोकांच्या समजुतींत आहे, आणि ती समजूत खोटी आहे हें त्याला स्वतःला ठाऊक आहे. आपल्याकडे पीठें आणि गाद्या आहेत. पीठावर बसणारा पुरुष बदलतो, पण शंकराचार्य हें नांव चालूच राहतें. मात्र तेथें आचार्य बदलला हें सर्वांना माहीत असतें. फॉकनें गादी ठेवली आणि बदल तेवढा झांकला. चित्रकथेच्या या प्रांतांत इतकी खोल कल्पना दुसरी सहसा आढळत नाहीं.

पोशाखाची हकीकतही मजेची आहे. अंगाला चिकटून बसणारा आपादमस्तक वेष आणि बुबुळें न दाखविणारा मुखवटा घालणारा चित्रकथेंतील हा पहिला मोठा नायक. सुपरमॅन त्याच्यानंतर दोन वर्षांनीं, १९३८ सालीं आला. पांढऱ्या डोळ्यांची कल्पना आपण ग्रीक पुतळ्यांवरून घेतली असें फॉक म्हणे. वेषाचा रंग राखाडी असावा असें त्याच्या मनांत होतें आणि 'करडें भूत' असें नांव ठेवण्याचाही विचार त्यानें केला होता. परंतु रोजच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत रंगाचा प्रश्नच नव्हता, ता. २८ मे १९३९ पासून रविवारचें रंगीत पान निघूं लागलें, तेव्हां छापखान्यांतून वेताळ बाहेर पडला तो जांभळा होऊन! आणि जांभळाच राहिला. परदेशीं तर ज्याला जो रंग हातीं लागला तो त्यानें फांसला. स्वीडनकडील देशांत वेताळ निळा आहे, इटलींत व तुर्कस्थानांत तांबडा. तुर्की भाषेंत त्याचें नांवच 'तांबडा मुखवटा' असें पडलें, आणि फिनलंडमध्यें तोच 'काळा मुखवटा' झाला.

मूरच्या चित्रांत अंधार फार सुंदर आहे. गलबताच्या डोलकाठीआड किंवा दाराच्या चौकटींत एक सडपातळ आकृति उभी असते आणि तिचा चेहरा दिसण्यापूर्वीं तिची सावली दिसते. १९४२ सालीं मूर सैन्यांत गेला. त्याचा मदतनीस विल्सन मॅकॉय यानें काम संभाळलें, आणि युद्धानंतर तें कायमचें त्याजकडेच आलें. मॅकॉयची रेषा सरळ व भाबडी, कित्येकदां अगदीं ओबडधोबड. जाणकार तिला नांवें ठेवतात. पण लहान मुलांना ती आवडे, हेंही खरें. १९६१ सालीं मॅकॉय वारला आणि साय बॅरी आला. त्यानें १९९४ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षें, हें काम केलें. हल्लींच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर रुंद खांद्यांचा, नीटस चेहऱ्याचा जो वेताळ उभा राहतो, तो बॅरीचा. १९४३ सालीं निघालेला पंधरा भागांचा बोलपट आणि १९९६ चा मोठा चित्रपट यांनीं मूळ कथेंत भर घातली नाहीं. त्यांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

अधिक लिहिण्याजोगा प्रश्न वेगळाच आहे. वेताळाचें जंगल आहे तरी कोठें? आरंभींच्या कथांत तें आशियांत, हिंदी महासागराच्या कांठीं कोठें तरी आहे. देशाचें नांव बंगालवरून घेतलेलें, चांच्यांच्या टोळीचें नांव 'सिंग'. पुढें तोच देश हळूहळू आफ्रिकेकडे सरकत गेला आणि १९६० नंतर तर बांगाला नांवाचें आफ्रिकन राष्ट्र म्हणून स्थिरावला. वाघ मात्र मागें राहिले नाहींत! सिंह व वाघ एकाच बेटावर गुण्यागोविंदानें नांदतात आणि मासे खाऊन राहतात. ज्यानें त्या वेळीं न्यूयॉर्कपलीकडे जग पाहिलें नव्हतें त्याच्या भूगोलाला इतकी सूट द्यावयास हरकत नाहीं.

परंतु एका गोष्टीला सूट देतां येत नाहीं. एक गोरा पुरुष जंगलांत राहतो, आपण अमर आहों अशी तेथील लोकांची समजूत करून देतो आणि त्या समजुतीच्या जोरावर त्यांच्यांत शांतता राखतो. काळे लोक भोळे, भित्रे आणि भांडखोर. न्याय देणारा तेवढा युरोपीय रक्ताचा. ज्या काळांत ही कथा जन्मली त्या काळीं आशिया-आफ्रिकेचा मोठा भाग खरोखरच अशाच एका समजुतीवर राखला जात होता. हिंदुस्थानांत मूठभर अंमलदार कोट्यवधि लोकांवर राज्य करीत होते, तें केवळ तोफांच्या बळावर नव्हे. साहेबाला हात लावतां येत नाहीं ही धास्तीही त्याच्या मागें होती. वेताळाची कथा त्या धास्तीची नकळत काढलेली तसबीर होय. तिला निव्वळ करमणूक म्हणून सोडून देणें बरोबर नाहीं. आणि केवळ एवढ्यासाठीं ती टाकून देणेंही बरोबर नाहीं, कारण पुढें जें झालें तें लक्षांत घेतलें पाहिजे.

आफ्रिकेंतील राष्ट्रें स्वतंत्र होऊं लागलीं तशी फॉकची लेखणीही बदलली. बांगालाची राजधानी, संसद, निवडणूक कथेंत आली. लमांडा लुआगा नांवाचा आफ्रिकन डॉक्टर लोकांच्या मतांनीं राष्ट्राध्यक्ष झाला. बाबाबू नामक सेनापति बंड करून सत्ता बळकावूं पाहतो, आणि वेताळ लुआगाच्या बाजूनें उभा राहतो. जंगल-पोलिसांचें पथक पूर्वीं कर्नल वीक्स या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं होतें, तेथें कर्नल वोरुबू हा आफ्रिकन अधिकारी आला. मँड्रेकचा सोबती लोथार पूर्वीं चित्त्याचें कातडें पांघरून अडखळत बोले. तोही पुढें शहाण्यासारखें बोलूं लागला आणि नोकराचा मित्र झाला. हा बदल मनापासून झाला कीं काळाच्या रेट्यानें, याची चिकित्सा व्यर्थ आहे. कवटीच्या गुहेंतलें सिंहासन होतें तेथेंच राहिलें. पण त्या गुहेबाहेरच्या देशाला स्वतःचें सरकार मिळालें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९४० नंतरच्या दशकांत मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' या साप्ताहिकांत रविवारचीं पानें छापलीं जाऊं लागलीं आणि इंग्रजी वाचणाऱ्या घरांत फँटमचा शिरकाव झाला. परंतु तो मराठी मुलांचा झाला तो मार्च १९६४ मध्यें. त्या महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनीं, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीनें, मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलीं. वेताळाच्या मेखलेची गोष्ट हा पहिला अंक, आणि पहिले ३२ अंक सारे वेताळाचेच. आरंभीं गोष्ट संपल्यावर उरलेलीं पानें सामान्य ज्ञानाच्या मजकुरास दिलेलीं असत. बहुधा आईबापांची समजूत पटावी म्हणून! अनंत पै हे या उपक्रमाच्या आरंभींच्या मंडळींपैकीं. १९६७ सालीं त्यांनीं 'अमर चित्र कथा' काढली आणि तोच चौकटींचा साचा पुराणांस व इतिहासास लाविला, हें सर्वश्रुत आहे. १९७६ सालीं आबिद सुरती यांनीं 'बहादुर' हा देशी नायक इंद्रजालमध्यें आणला. तोपर्यंत मुखवट्याच्या नायकानें येथील एक पिढी वाढविली होती.

भारतीय आवृत्तींत संपादकांनीं कांहीं नांवें बदललीं, आणि तीं नीट पाहण्यासारखीं आहेत. मूळच्या 'सिंग' चांच्यांचे येथें 'सिंगा' चांचे झाले. विसाव्या वेताळाचा घात करणाऱ्याचें नांव मूळांत राम असें होतें. तें 'रामालू' करण्यांत आलें. देशाचें बंगालसारखें वाटणारें नांव जाऊन 'डेंकाली' हें कोणत्याही नकाशांत नसलेलें नांव आलें. एकेका अक्षराच्या या दुरुस्त्या वरवर क्षुल्लक दिसतात. परंतु ज्या कथेंत आपल्याच देशबांधवांचीं नांवें चांच्यांना व खुन्यांना दिलेलीं होतीं, ती कथा त्या देशांतील मुलांच्या हातीं देतांना हें करणें प्राप्तच होतें. मुलें जंगलांतील गोऱ्याच्या बाजूनें उभीं राहिलीं, तीं आपल्या विरुद्ध उभीं राहत आहेत असें त्यांना कधीं वाटलें नाहीं, तें या दुरुस्त्यांमुळें.

आणि सर्वांत मोठी दुरुस्ती म्हणजे वेताळ हें नांव. इटलीवाल्यांनीं त्याला 'मुखवट्याचा पुरुष' म्हटलें, बंगालींत 'अरण्यदेव' हेंही नांव पडलें. मराठींत त्याला जें नांव मिळालें तें अनुवाद म्हणून पाहिलें तर मूळाहून सरस आहे. इंग्रजींत फँटमचें बिरुद 'चालतें भूत' असें आहे, आणि जगांत वावरतांना तो जें आडनांव घेतो तेंही वॉकर, म्हणजे चालणारा. आतां कोंकणांत वेंगुर्ले तालुक्यांत आरवलीचा वेतोबा पाहावा. पुरुषभर उंचीहून थोर अशी ती मूर्ति, आणि तिच्यापुढें नवसाच्या भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा मांडलेल्या. वेतोबा रात्रीं गांवाभोंवतीं फेरी घालतो, गांवाची राखण करतो आणि त्या चालण्यानें वहाणा झिजतात, अशी तेथील श्रद्धा आहे. गोव्यांत आमोणें, लोलयें, पैंगीण येथें तोच बेताळ या नांवानें पुजला जातो. देशावर अमावास्येच्या रात्रीं मशाली घेऊन भुतांच्या लवाजम्यासह निघणाऱ्या वेताळाच्या स्वारीच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकलेलीं मुलें घरोघर होतीं; पुण्याला तर त्याच्या नांवाची टेंकडीच आहे. भूत खरा, पण गांवाचा रखवालदार. भीतिदायक, पण दुष्टाला. फॉकनें हजारों मैलांवर बसून जें पात्र कल्पिलें, त्याच्यासाठीं मराठीनें जागा फार पूर्वींच करून ठेविली होती. विक्रमाच्या खांद्यावरील पंचविशींतला वेताळ तर्कटी आहे. हा नवा वेताळ त्याच्यापेक्षां आरवलीच्या वेतोबाचा अधिक जवळचा नातलग शोभतो. हें नांव सुचविणाराला वेतोबाची आठवण झाली असो वा नसो, मुलांच्या मनांत दोघे एकत्र आले.

सुशिक्षित घरांत या पुस्तकांचें स्वागत झालें असें नाहीं. चित्रें पाहून मुलांची वाचनाची गोडी जाते, मारामारीचे संस्कार होतात, असे आक्षेप होते, आणि पाठ्यपुस्तकाच्या आंत कॉमिक दडवून वाचण्याची कला याच काळांत भरभराटली. गल्लोगल्लीं भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या दुकानांत एकच अंक पन्नास हातांखालून जाई. आक्षेपांत तथ्य नव्हतेंच असें नाहीं. परंतु ज्या मुलाला धडा वाचतांना जांभई येई, तोच अनुवादांतील जड संस्कृत शब्द अडखळत कां होईना वाचून काढी, कारण पुढच्या चौकटींत काय आहे तें त्याला पाहिजे असे. 'मेखला' हा शब्द कित्येकांनीं प्रथम वाचला तो कालिदासांत नव्हे, वेताळाच्या कमरेला. १९९० सालीं आठशेंहून अधिक अंक काढून इंद्रजाल कॉमिक्स बंद पडलीं.

इतर देशांत मात्र तो टिकून राहिला. ऑस्ट्रेलियांत १९४८ पासून आणि स्वीडनमध्यें १९५० पासून त्याच्या नांवाचीं नियतकालिकें निघत आलीं आहेत. पापुआ न्यू गिनींत तर त्याची कथा तेथील टोक पिसिन बोलींत वृत्तपत्रांतून छापली गेली, आणि वागी खोऱ्यांतील लढवय्यांनीं आपल्या ढालींवर वेताळाचें चित्र रंगविलें. मरण नसलेल्या पुरुषाचें चित्र ढालीवर काढणें, यापेक्षां कथेचा सरळ अर्थ दुसऱ्या कोणी लाविला असेल असें वाटत नाहीं.

ली फॉकनें चित्रकथा लिहितां लिहितां नाटकाचाही संसार केला. सुमारें ३०० नाटकें त्यानें रंगभूमीवर आणलीं. पण वेताळ व मँड्रेक यांना तो अखेरपर्यंत सोडून गेला नाहीं. रुग्णालयांत असतांना तोंडावरची प्राणवायूची नळी दूर करून तो कथा सांगे. ता. १३ मार्च १९९९ रोजीं तो वारला. अर्धवट राहिलेल्या कथा त्याच्या पत्नीनें पुऱ्या केल्या, आणि मग टोनी डीपॉल प्रभृति लेखकांनीं सूत्रें हातीं घेतलीं. चित्रकार तर त्यानंतर कितीतरी बदलले. एकविसावा वेताळ अद्याप गुहेंतच आहे. त्याचा मुलगा किट आतां मोठा झाला आहे, आणि नव्या कथाकारानें त्याला विद्याभ्यासासाठीं हिमालयांतील एका मठांत पाठविला आहे.